केसभर जाडीची पकड

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आमच्या शेजारच्या काकांच्या अंगणात एक मिनी ट्रक उभा असतो. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे अशा गाडीला मेटॅडोरच म्हणतात. मोसमात वरुड-मोर्शीची संत्री, एरवी सिमेंट, कूलर, लग्नातल्या गाद्या. गेला महिनाभर ही गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. गतिरोधकावर पुढचं चाक चढलं की ‘कुईं’, उतरलं की ‘खट्ट’.

मे महिन्यातल्या एका रविवारी, ऊन चढायच्या आत, काका आणि त्यांचा मुलगा गाडीखाली शिरले. गॅरेजवाल्याकडे आठवडाभर नंबर नव्हता, आणि गाडी बसली की धंदाही बसतो. काम म्हटलं तर एवढंसं. पाट्याच्या टोकातला झिजलेला बुश काढायचा, नवा घालायचा. नवा बुश माझ्या हातात देत काका म्हणाले, “धरा बरं जरा. अर्ध्या घंट्याचं काम हाये.”

तो अर्धा घंटा संध्याकाळी साडेपाचला संपला. सकाळी मी हातातल्या त्या वस्तूकडे पाहत होतो, आणि जितकं पाहत गेलो तितका थक्क होत गेलो.

तुम्हीही पाहा. मुठीत मावेल एवढी पोलादी नळी. तिच्या आत आणखी एक बारीक नळी. दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेलं काळं रबर. संपलं. ना बेअरिंग, ना छर्रे, ना ग्रीस घालायची जागा. आणि म्हणे हा सांधा आहे! सांधा म्हटला की काहीतरी फिरायला हवं. इथे तर एकही भाग दुसऱ्यावरून घसरत नाही.

मग हा फिरतो कसा? आपल्या कानाची पाळी चिमटीत धरा आणि हलकेच पिरगळा. बोटं पाळीवरून घसरली का? नाही. तरी ती थोडी फिरलीच ना? आणि सोडल्यावर पाळी मूळ जागी आली. रबरी बुश म्हणजे पोलादाच्या दोन नळ्यांमध्ये बसवलेली कानाची पाळी. आतली नळी बोल्टने चासीला घट्ट, बाहेरची नळी पाट्यात घट्ट, आणि मधलं रबर स्वतःच्या अंगात पिरगळून घेतं. काही घासत नाही, म्हणून तेल नको. आवाज नाही, धूळ शिरायला फट नाही. सगळी हालचाल एका वस्तूच्या पोटात होते!

पण मुळात ही हालचाल हवी कशाला? गाडीचा पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. एखादं धनुष्य जमिनीवर ठेवून वरून मधोमध दाबा, त्याची टोकं एकमेकांपासून लांब सरकतात. पाट्याचंही तसंच. ओझं आलं की तो चपटा होतो आणि चपटा झाला की लांब होतो. आता दोन्ही टोकं चासीला ठोकून टाकली तर? पहिल्याच खड्ड्यात पाटा तुटेल, नाहीतर चासीचा कान उखडेल. म्हणून एक टोक पिनेवर नुसतं फिरतं आणि दुसरं टोक शॅकल नावाच्या छोट्याशा झोक्यावर टांगलेलं असतं. पाटा लांबला की झोका पुढे, आखडला की मागे. या प्रत्येक वळणावर एकेक बुश बसलेला.

आणि हा झोका किती वेळा हलतो? भरलेली गाडी सेकंदाला साधारण दीड-दोन वेळा वरखाली डुलते. दीडच धरा. तासाला ५,४०० वेळा. बडनेऱ्याहून नागपूर तीन तासांवर धरलं तर एका फेरीत सोळा हजारांच्या वर. परतीची फेरी वेगळी. रस्ता चांगला असला तर डुलणं कमी होतं, थांबत मात्र नाही. आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम केला गेला. त्या विक्रमी डांबरावरूनही पाटा डुलतच जातो. गल्लीबोळातल्या गतिरोधकांचं तर विचारूच नका.

सोळा हजार वेळा कान पिरगळला तर कुणाचाही जीव मेटाकुटीला येईल. रबराला आधी बारीक चिरा पडतात, मग ते पोलादापासून सुटतं, मग फाटतं, आणि एके दिवशी आतली नळी बाहेरच्या नळीवर आपटू लागते. तोच ‘खट्ट’. तिथे थांबलं तर ठीक. नाहीतर पुढे पाट्याचं भोक आणि शॅकल खायला सुरुवात होते. म्हणजे बुश हा झिजण्यासाठीच नेमलेला माणूस आहे. त्याने झिजायचं आणि महागाचं सामान वाचवायचं, जसा नाल झिजतो आणि बैलाचा खूर वाचतो.

ही युक्ती काही मोटारीबरोबर आलेली नाही. वऱ्हाडातली बंडी आठवा, रेंगी आठवा, दमणी आठवा. लाकडी चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळी ठोकलेली असायची आणि ती लोखंडी आसाभोवती फिरायची. नळी नसती तर आसाने लाकूड कुरतडून टाकलं असतं. ती नळी म्हणजे बुशच की! ‘बुश’ या शब्दाचा झुडपाशी काही संबंध नाही. तो डच भाषेतल्या ‘बस’ म्हणजे डबी या अर्थाच्या शब्दावरून आला, चाकाच्या मध्यातली डबी. बंडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं आणि एरंडेलाची धार थांबली की चाक ओरडायचं. मोठ्या ट्रकांत आजही कित्येक ठिकाणी पितळी जातीचे बुश असतात, त्यांना ग्रीस लागतं. बडनेरा स्टेशनातून रात्रंदिवस मालगाड्या धडधडत जातात. गावात रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखानाही आहे. त्या वॅगनच्या ब्रेकच्या दांड्यांमध्येही बुशच बसवलेले असतात. एकदा ओळख पटली की ते सगळीकडे दिसू लागतात.

असो. अंगणात काय चाललं होतं?

सुरुवात झोकात झाली. जॅक लावला, गाडीखाली घोड्या सरकवल्या, चाक काढलं. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅकचं काम उचलायचं, धरून ठेवायचं काम घोडीचं.) शॅकलचा बोल्ट निघाला. आतली नळी फाटक्या रबरासकट चार हातोड्यांत बाहेर आली. काकांनी माझ्याकडे ‘बघा!’ अशा नजरेने पाहिलं. राहिली फक्त बाहेरची नळी. भिंतीची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. पातळ, रिकामी, दोन्हीकडून उघडी. हिला काढायला कितीसा वेळ लागणार?

ती हलेना.

हातोडा झाला, दोन किलोचा घण झाला. आता घणाच्या एका घावात किती जोर असतो? दोन किलोचा घण सेकंदाला सहा मीटर वेगाने आला आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर त्या क्षणापुरता सव्वा टनाचा दाब पडतो. माणसाच्या दंडातून सव्वा टन! पण इथे गंमत अशी की, घाव पडत होता पाट्यावर टांगलेल्या नळीवर, आणि धक्के पचवणं हा पाट्याचा पिढीजात धंदा. खड्ड्यांचे धक्के पचवायला बनवलेल्या त्या कमानीने घणाचे धक्केही तितक्याच प्रेमाने पचवले. दर घावाला पाटा ‘टंऽऽ’ करून डुलायचा आणि नळी होती तिथेच.

ही नळी धरून कशाने बसली आहे? खिळा नाही, स्क्रू नाही, वेल्डिंग नाही. उत्तर ऐका. नळी भोकापेक्षा मोठी आहे. होय, भोकापेक्षा मोठीच बनवतात! किती मोठी? एका केसाच्या जाडीएवढी. पाऊण-एक दशांश मिलिमीटर. मग प्रेसखाली दाबून तिला त्या लहान भोकात जबरदस्तीने घुसवतात. भोक थोडं ताणलं जातं, नळी थोडी आवळली जाते, आणि दोघं जन्मभर एकमेकांना रेटत राहतात. पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या अशा नळीचा मी कागदावर हिशोब मांडून पाहिला. केसभर जादा मापाची ही पकड तोडायला दोन ते चार टनांचा जोर लागावा. तेही बुश नवा कोरा असताना.

आणि आमचा कोरा नव्हता. त्याने कित्येक पावसाळे बघितले होते, सिमेंटची धूळ खाल्ली होती. त्याला गंज चढला होता. गंज म्हणजे लोखंडाचं कमी होणं असं आपल्याला वाटतं. झिजलं, खाल्लं गेलं, पोकळ झालं. पण गंज ही खरं तर फुगण्याची गोष्ट आहे. लोखंडाला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी येऊन चिकटतं. त्यातून तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, गंजाचा प्रकार आणि त्यातलं पाणी किती त्याप्रमाणे. जुन्या इमारतीच्या गॅलरीचं प्लास्टर का पडतं? आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. आता हाच फुगणारा गंज केसाएवढीही फट नसलेल्या जागेत तयार होतोय असं समजा. तो जाणार कुठे? दोन्ही पोलादांच्या बारीक खाचाखोचांत रुतून तो पाचर मारून बसतो. नवी असताना नळी नुसती घट्ट होती, गंजाने तिला पाट्याची घरजावई करून टाकलं.

“तेल पाजा त्याले,” मुलगा म्हणाला, आणि त्याने गंज सोडवायच्या स्प्रेचा डबा आणला. मला या फवाऱ्यांचं फार कौतुक आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी-४० या स्प्रेचा जन्म १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला झाला. रॉकेट केमिकल नावाच्या कंपनीला अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज चढू नये असं काहीतरी हवं होतं. पाणी हाकलून लावणारं ते मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, आणि तो आकडा नावात कायमचा बसला. क्षेपणास्त्रासाठी काढलेला फवारा आज जगातल्या कुठल्याही अंगणात उडतो!

पण त्याहून मोठं नवल म्हणजे हे तेल वर चढतं. रॉकेलच्या दिव्याची वात आठवा. खाली टाकी, वर ज्योत, मध्ये ना पंप ना नळ, तरी रॉकेल चढतंच. बारीक फटीत द्रव आपणहून ओढला जातो, आणि फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. म्हणजे जिथे सुई जाणार नाही तिथेच तेल सर्वात हौसेने जातं. फक्त त्याला घाई चालत नाही, कारण अरुंद गल्लीत ओढ जास्त असली तरी वाटही चिंचोळी. रात्रभर ठेवायला हवं होतं. आम्ही वीस मिनिटं ठेवलं, चहा प्यालो, आणि पुन्हा घण उचलला. ही चूक आमचीच.

घणाने काही होईना तेव्हा काकांनी जपून ठेवलेली युक्ती काढली. सोळा मिलिमीटरची आट्याची दांडी नळीतून आरपार घातली. एका बाजूला नळीच्या काठावर बरोबर बसेल एवढं जाड वायसर, दुसऱ्या बाजूला नळी आत शिरू शकेल असा मोठ्या पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना नट. आता नट फिरवला की वायसर नळीला ढकलणार आणि नळी निमूटपणे पाइपमध्ये उतरणार. घरच्या घरी तयार झालेला प्रेस!

या साध्या दांडीत काय ताकद आहे बघा. सोळाच्या दांडीचा नट एक पूर्ण फेरा फिरला की दोन मिलिमीटर पुढे सरकतो. पाना तीस सेंटिमीटर लांब, म्हणजे तुमचा हात एका फेऱ्यात जवळजवळ १.९ मीटर फिरतो. हात इतका फिरला आणि नट दोनच मिलिमीटर सरकला, तर जोर सुमारे ९४० पट झाला. हाताने वीस किलोचा रेटा दिला तर पलीकडे अठरा टनांच्या वर! अर्थात हे कागदावर. प्रत्यक्षात त्यातला ऐंशी-नव्वद टक्के जोर आटे एकमेकांवर घासण्यातच संपतो. हातात उरतात दोन-अडीच टन. ही गळती पाहून हळहळू नका. ती नसती तर पाना सोडताक्षणी नट गरागरा उलटा फिरला असता आणि जगातला एकही बोल्ट घट्ट राहिला नसता.

पान्यावर पाइप चढवून मुलाने जोर केला. दांडी किरकिरली, नट गरम झाला, आणि ‘कर्र’ करत आटेच गेले. नळी? जैसे थे.

एव्हाना ऊन डोक्यावर आलं होतं. “गॅस मारू काय?” कुणीतरी विचारलं. तापवलं की पोलाद फुगतं, हे शाळेत शिकलेलं. पण मग सांगा, पाट्याचं टोक तापवलं तर त्यातलं भोक लहान होईल की मोठं? अंगणात जमलेल्यांत निम्मे म्हणाले, लहान. चारी बाजूंनी पोलाद फुगलं तर भोकात येणारच ना! बरोबर वाटतं, पण चूक आहे. ते भोक त्याच पोलादाच्या गोल तुकड्याने भरलंय असं समजा. तापवल्यावर सगळा पत्रा फुगेल आणि तो तुकडाही फुगेल. आता तुकडा काढून घ्या. राहिलेलं भोक फुगलेल्या तुकड्याएवढं, म्हणजे मोठंच! फोटो मोठा केला की फोटोतली खिडकीही मोठीच होते.

आपल्या सुतार-लोहारांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ते धाव मुद्दाम चाकापेक्षा लहान करायचे. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद तापवायची. दीड मीटर व्यासाची धाव सहाशे अंशांनी तापली तर तिचा व्यास सेंटिमीटरभराहून जास्त वाढतो. तेवढ्या वेळात चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. वाफेचा लोट, लाकडाचा कडकड आवाज, आणि थंड होणारी धाव सगळे आरे असे आवळायची की मग वर्षानुवर्षं चाक खिळखिळं होत नसे. आमच्या बुशाची पकड आणि धावेची पकड, दोन्ही एकाच घराण्यातल्या.

तरीही गॅस मारायला मी ‘नको’ म्हणणाऱ्यांत होतो. पाट्याचं पोलाद साधं नसतं. आधी तापवून, बुचकळून कडक केलेलं, मग चारशे-पाचशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून लवचीक बनवलेलं असतं. गॅसच्या ज्योतीने त्याचं टोक लाल झालं की ती सगळी मेहनत वाया. पाटा दिसायला तसाच, पण आतून मऊ, आणि मग भर रस्त्यात वाकणार किंवा तुटणार. शिवाय काही लोक रबर जाळून काढतात, ते तर मुळीच करू नका. त्या काळ्या धुराने छाती भरते आणि शेजारी आठवडाभर बोलत नाहीत.

दुपारी रेल्वेतून निवृत्त झालेले गल्लीतले एक फिटर आजोबा काठी टेकत आले. वाकून नळीत बोट फिरवलं, बाजूला पडलेला घण पाहिला, आटे गेलेली दांडी पाहिली.

“काहून ढकलून राह्यले बाप्पा त्याले? थे कडं हाये, आवळून बसलं. कडं कापा, मंग आपसुक निंघते.”

एवढंच म्हणाले आणि सावलीत खुर्ची टाकून बसले.

हॅक्सॉचं पातं फ्रेममधून काढलं, नळीतून आरपार घातलं, पुन्हा फ्रेमला जोडलं. नळीच्या आतल्या बाजूने, लांबीच्या दिशेने, एकच उभा काप घ्यायचा. अडीच मिलिमीटर खोल, त्याहून जास्त नाही, कारण पलीकडे पाटा आहे. मुलाने सुरुवात केली. खर्र, खर्र. दर थोड्या वेळाने थांबून टॉर्च मारून बघायचं. पाऊण तास गेला. मग आवाज बदलला, जरा पातळ झाला, आणि एकदम ‘टक्’! पातं कापात चिमटलं. ना पुढे, ना मागे.

“अडकलं!” मुलगा वैतागला. सावलीतून आजोबा हसले. “अडकलं नाई. सुटलं.”

मला हे समजायला दोन मिनिटं लागली आणि समजलं तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली. अखंड नळी भोकात आवळलेली होती, म्हणजे तिच्या कड्यातला प्रत्येक कण शेजारच्या कणाला रेटून उभा होता. दिवाळीतल्या एसटीची कल्पना करा. दाटीवाटीने उभे प्रवासी, कुणी दांडी धरलेली नाही, तरी कुणी पडत नाही. प्रत्येकाला शेजारच्याने आवळून धरलंय. मधला एक जण उतरला की काय होतं? सगळे एकदम सैल. आमच्या पात्याने नळीतला तोच एक प्रवासी उतरवला होता. रेटायला शेजारी उरला नाही तसे कापाचे दोन्ही काठ एकमेकांकडे धावले, आणि मध्ये होतं पातं, ते चिमटीत सापडलं. पातं चिमटणं म्हणजे पकड सुटल्याची पावती.

हिशोब तर त्याहून गोड आहे. पात्याच्या कापाची रुंदी साधारण एक मिलिमीटर. नळीच्या घेरातून एक मिलिमीटर गेला, तर व्यासातून किती जाईल? भागिले ३.१४, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मिलिमीटर. आणि सगळी पकड होती कितीची? एक दशांशाची! दोन टनांना न बधलेल्या नळीला, लागत होता त्याच्या तिप्पट ढिलेपणा एका पात्याने देऊन टाकला. तोही पाऊण तासात, हाताने.

पातं हळूच सोडवून घेतलं. कापाच्या काठाखाली छन्नी टेकवून हलके दोन ठोके दिले, नळीचा काठ आत वळला. तिसऱ्या ठोक्याला तांबडी भुकटी झडली आणि ती नळी ‘टण्ण’ करून फरशीवर पडली. मी उचलून पाहिली. बाहेरून तपकिरी, खडबडीत, विटेच्या चुऱ्यासारखा गंज हाताला लागत होता. सकाळपासून पाच माणसांना नाचवणारी वस्तू, वजनाला चार बटाट्यांएवढीही नाही.

पुढचं काम भराभर झालं. भोकातला गंज कानशीने नाही, बारीक पॉलिश पेपरने साफ केला. कानशीने भोकच मोठं झालं असतं आणि केसाचा हिशोब बिघडला असता. नवा बुश सकाळीच माझ्याकडून घेऊन काकूंनी फ्रीजरमध्ये ठेवला होता, कुल्फीच्या साच्यांशेजारी. हा काही टोटका नाही. अंगणात ४२ अंश, फ्रीजरमध्ये उणे १८. साठ अंशांच्या फरकाने पंचेचाळीस मिलिमीटरचं पोलाद ०.०३२ मिलिमीटरने आखडतं. केसाचा तिसरा हिस्सा म्हणा ना. एवढ्याशा सवलतीनेही तो सरळ धरला गेला, नवी दांडी लावली, आणि चार-पाच फेऱ्यांनंतर गुमान आत सरकू लागला. बंडीची धाव तापवून बसवत, हा गारठवून बसवला.

शॅकल जोडलं, बोल्ट घातला. मुलाने मोठा पाना घेऊन करकचून आवळायला सुरुवात केली तसे आजोबा खुर्चीतून ओरडले, “थांब! आत्ता नाई. पयले गाडी खाली घे.”

का? कानाची पाळी पुन्हा आठवा. चाक हवेत लोंबकळत असताना पाटा खाली वाकलेला असतो. तेव्हाच बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच स्थितीत चासीला जखडते. मग गाडी चाकांवर उतरली की पाटा वर येतो आणि मधलं रबर पिरगळलं जातं. गाडी नुसती उभी असली तरी पिरगळलेलं, रात्रभर पिरगळलेलं, आणि खड्ड्यात त्याहून जास्त. असा बुश लवकरच फाटतो आणि लोक म्हणतात, हल्लीचा मालच टिकत नाही. तुमच्या गाडीचा बुश कुणी बदलत असेल तर बाकी काही कळलं नाही तरी चालेल, पण बोल्टचा शेवटचा पीळ देताना सगळी चाकं जमिनीवर टेकलेली आहेत ना, तेवढं उभं राहून बघा.